भरदुपारी हेडलाइट? सेन्सर बदलण्याआधी एवढं कर

स्विच ऑटोवर असताना दिवसाढवळ्या हेडलाइट पेटतात म्हणजे बाहेरचा उजेड ओळखून दिवे लावणारा सेन्सर गेलाच, असं लगेच धरू नकोस. आधी डॅशबोर्डवर, काचेच्या बुडाशी, काळ्या प्लास्टिकची छोटी घुमटी शोध. पुष्कळ गाड्यांत सेन्सर तिथेच असतो. काहींत तो आरशामागे, पावसाच्या सेन्सरसोबत. माझ्या गाडीत दोष निघाला तो डॅशबोर्डवर अंथरलेल्या मखमली चटईचा! तिची कड सरकून घुमटीवर आली होती. तोवर मी दोन फ्यूज बदलून बसलो होतो.

आता चाचणी. गाडी उन्हात, इग्निशन चालू, स्विच ऑटोवर. घुमटीवर जाड काळं कापड दुहेरी घडी करून ठेव. नुसता तळहात ठेवलास तर बोटांच्या फटींतून उजेड शिरतो. थोडा दम धर, कारण पुलाखालून जाताना दिवे लुकलुकू नयेत म्हणून मुद्दाम उशीर ठेवलेला असतो. दिवे लागले आणि कापड काढल्यावर काही वेळाने विझले, तर सेन्सर ठणठणीत. नाहीतर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचायचं यंत्र) लावून लाइव्ह डेटात, म्हणजे त्या क्षणी सेन्सर पाठवतोय त्या आकड्यांत, उजेडाचा आकडा बघ. झाकल्या-उघडल्यावर आकडा बदलतोय पण दिवे ढिम्म, तर घोटाळा सेन्सरच्या पुढे, दिव्यांच्या बाजूला आहे, सेन्सरच्या वाटेला जाऊ नकोस. आकडाच गोठलेला असेल तर कनेक्टर काढून पिना तपास. काचेतून पाणी झिरपलेल्या गाडीत तिथे हिरवट गंज सापडतो.

घुमटी उचकटायला स्क्रूड्रायव्हर नको, प्लास्टिकची पट्टी घे. आणि कनेक्टर सुटला की वायर टेपने चिकटवून ठेव. आत घरंगळली तर अर्धा डॅशबोर्ड खोलत बसशील.