थर्ड वॉर्डच्या चित्रांखाली काय लिहावं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डवर चित्रप्रदर्शन भरतंय, चित्रांखालच्या पाट्या लिहायचं काम तुझ्याकडे आलंय आणि तू विचारतेस, "काकू, मी सांगलीची. कृष्णवर्णीयांच्या वस्तीबद्दल लिहिणारी मी कोण?" हा प्रश्न तुला पडला याचं मला फार बरं वाटलं. तो न पडताच एक पाटी मी स्वतः लिहिली होती, ती आधी सांगते.

मी अशाच एका ग्रंथालयात काम करत होते. एका जुन्या फोटोत अंगणात तीन पायांचं काळं लोखंडी भांडं होतं, खाली विस्तव, मागे दोरी. मी ‘स्वयंपाकाचे भांडे’ असं लिहून मोकळी झाले. उद्घाटनाला आलेल्या एक आजी त्या फोटोपुढून हलेचनात. शेवटी मला जवळ बोलावून त्यांनी सांगितलं, की यात कधी अन्न शिजलं नाही. त्यांची आई यात गोऱ्यांच्या घरच्या चादरी उकळायची, आणि घरातली सगळी पोरं त्याच कमाईवर जेवली. पाटी मी त्याच संध्याकाळी बदलली. पण ती दोरी मला आधीच दिसली होती, हे आजही टोचतं. कुणाला विचारावं असं मला सुचलंच नव्हतं.

तसलंच भांडं तुला जॉन बिगर्स या कृष्णवर्णीय चित्रकाराच्या चित्रांत भेटेल. भांडं, कपडे घासायची फळी, ओसरीवर उभ्या बायका आणि मागे त्या अरुंद घरांची रांग. या घरांना ‘शॉटगन हाऊस’ म्हणतात. एका खोलीच्या रुंदीचं घर, खोल्या एकीमागे एक, मधे बोळ नाही. पुढच्या दारातून गोळी झाडली तर सरळ मागच्या दारातून निघून जाईल, असं त्या नावाचं कारण सांगतात. या बांधणीची मुळं अभ्यासकांनी हैतीपर्यंत आणि तिथून पश्चिम आफ्रिकेपर्यंत शोधली आहेत. येणाजाणाऱ्याला ती पडकी खोपटं वाटायची. बिगर्सनी त्यांच्या त्रिकोणी छपरांची नक्षी केली, गोधडीवर ठिगळं जुळवावीत तशी. चित्रासमोर उभी राहिलीस की बघ, छप्पर कुठं संपतं आणि गोधडी कुठं सुरू होते ते चटकन सांगता येत नाही. पाटीवर हे लिही. ‘गरीब वस्तीतील घरे’ एवढंच लिहू नकोस.

बिगर्स ह्यूस्टनला आले १९४९ मध्ये, आजच्या टेक्सास सदर्न विद्यापीठाचा कलाविभाग उभा करायला. ते विद्यापीठ कसं निघालं हेही ठाऊक असू दे. हेमन स्वेट या कृष्णवर्णीय माणसानं ऑस्टिनच्या कायदा महाविद्यालयात प्रवेश मागितला, तो नाकारला गेला, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याला गोऱ्यांच्या वर्गात बसू द्यायला लागू नये म्हणून सरकारनं १९४७ मध्ये वेगळं विद्यापीठच काढलं. त्या जागेचं बिगर्सनी काय केलं, तर शेवटच्या वर्षाच्या कलाविद्यार्थ्यांकडून तिथल्याच हॅना हॉल या इमारतीच्या भिंतींवर भित्तिचित्रं काढून घेतली. तुमच्या ग्रंथालयात हे सारं चौकटीत येईल. मूळ भिंती मात्र तू स्वतः जाऊन बघ. थर्ड वॉर्डातल्या ब्लू ट्रँगल या समाजकेंद्रातलं त्यांचं १९५३ चं भित्तिचित्रही बघ. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कर्तृत्वावरचं आहे, गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन आहे त्यात. २०१७ च्या हार्वे वादळात छपरातून पाणी शिरलं आणि त्याच्यावर बुरशी चढली.

दुसरी गोष्ट. सगळ्या पाट्या भूतकाळात लिहू नकोस. ‘इथे एक वस्ती होती’ हे वाक्य त्या वस्तीतल्या माणसाला वाचायला लागलं तर कसं वाटेल? वस्ती नांदती आहे. १९९३ मध्ये रिक लो आणि आणखी सहा कलावंतांनी तिथली २२ शॉटगन घरं वाचवली, तेच प्रोजेक्ट रो हाऊसेस. त्याआधी एका शाळकरी मुलानं लो यांना सुनावलं होतं, की आमच्या अडचणी आम्हाला माहीत आहेत, तुम्ही कलावंत आहात तर काही मार्ग काढा. काही घरांत प्रदर्शनं लागू लागली, काहींत लेकुरवाळ्या एकट्या तरुण आया राहू लागल्या. ते काम अजून चालू आहे, आणि भोवतीची जुनी घरं पाडून महागडी घरं उठताहेत तेही चालूच आहे. दोन्ही लिही.

आता ‘मी कोण’ याबद्दल. १९ जून १८६५ ला टेक्सासमधल्याच गॅल्व्हेस्टन बंदरात गुलामांच्या मुक्तीचा हुकूम वाचला गेला. तो दिवस साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून, स्वतः गुलामीतून सुटलेले धर्मोपदेशक जॅक येट्स यांच्या पुढाकारानं, मुक्त झालेल्या माणसांनी १८७२ मध्ये वर्गणी काढून दहा एकर जमीन घेतली. तोच थर्ड वॉर्डातला इमॅन्सिपेशन पार्क, म्हणजे मुक्तीची बाग. पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. एकमेकांची गाठ नव्हती, पण त्या अर्पणपत्रिकेच्या भाषेत वाढलेली मुलगी तिथं अगदीच परकी नाही. एवढ्या नात्यानं दार वाजव. आत गेल्यावर मात्र बोलू त्यांना दे. आणि हेही टिपून ठेव, की त्या पार्कवरून जाणाऱ्या रस्त्याला गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या एका अधिकाऱ्याचं नाव होतं. ते बदलायला २०१७ उजाडलं.

बाकी कामाच्या गोष्टी. कुणी घरचा फोटो दिला तर त्यांच्यासमोर स्कॅन कर आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत दे. फोटोमागे पेननं कधीही लिहू नकोस, मऊ पेन्सिल वापर. नाव कळलं नाही तर ‘अज्ञात’ लिहून विषय मिटवू नकोस. पाटीखाली जागा सोड, शेजारी वही ठेव. आणि ग्रंथालयाच्या दारात ओळखपत्र मागतात ना, त्याबद्दल वरिष्ठांशी आत्ताच बोल. ज्यांच्या वस्तीचं प्रदर्शन आहे तीच माणसं दारात अडली, तर पाट्या कितीही चांगल्या लिहून काय उपयोग? पार्किंगचंही विचार. उद्घाटन रविवारी दुपारी, चर्च सुटल्यावर ठेवता आलं तर बघ.

पहिल्या दहा पाट्या झाल्या की मला पाठव. पण त्याआधी थर्ड वॉर्डातल्या कुणाला तरी वाचून दाखव, आणि ते जिथं थांबवतील तिथं खूण करून ठेव.

तुझी,
काकू