इपॉक्सीचा जोड पावसाळ्यात का सुटतो?

प्रश्न : आमच्या कार्यशाळेत इपॉक्सीने चिकटवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उन्हाळाभर पक्क्या होत्या, पावसाळ्यानंतर मात्र काही हाताने ओढताच सुटल्या. जोडाचा टिकाऊपणा आधीच कसा तपासावा?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : प्रथम सुटलेले पृष्ठभाग पाहावेत. दोन्ही पट्ट्यांवर इपॉक्सीचा थर उरला असेल, तर तो थरच फाटला आहे. एका पट्टीचा धातू उघडा दिसत असेल, तर इपॉक्सीची धातूवरील पकड सुटली आहे, आणि आपल्या वर्णनावरून मला हीच शक्यता अधिक वाटते. ओलावा कडांतून हळूहळू आत शिरून ही पकड कमकुवत करतो, त्यामुळे ताजा जोड ओढून पाहिल्याने त्याच्या टिकाऊपणाविषयी फारसे कळत नाही.

त्यासाठी पाचरीची चाचणी करावी. चिकटवलेल्या दोन जाड पट्ट्यांच्या टोकात सुमारे ३ मिमीची पाचर ठोकून चीर कुठवर गेली याची खूण करतात, नमुना साधारण ५० अंश सेल्सिअसच्या अतिदमट हवेत ठेवतात आणि चीर किती पुढे सरकली ते मोजतात. काही नमुने नुसते पुसून आणि काही तेलकटपणा काढून, घासून, पुन्हा स्वच्छ करून चिकटवावेत. तयारीतील फरक चिरेच्या लांबीत दिसतो.

विदर्भातील उन्हात पत्रा हवेपेक्षा बराच जास्त तापतो, म्हणून इपॉक्सी किती तापमानाला मऊ पडते हेही विक्रेत्याकडून माहितीपत्रक मागवून पाहावे.