गोव्यात रोज कॉफी शॉपमधून काम करावं का?

प्रश्न वाचला. म्हापशात घर, वेबसाइट डिझाइनचं फ्रीलान्स काम, एक मोठा क्लायंट जर्मनीचा, आणि घरी असलात की तुम्ही रिकामेच आहात असं सगळ्यांना वाटतं. सिलिंडर घ्या, काकींना बँकेत सोडून या. म्हणून रोज लॅपटॉप घेऊन कॉफी शॉप गाठावं का, असं तुम्ही विचारलंय.

रोज नको. आठवड्यातून दोनतीनदा, तेही कोणतं काम तिथे करायचं हे घरून ठरवून निघत असाल तर जरूर जा. मी पुस्तकांच्या मांडणीची आणि संपादनाची कामं घेतो, बरीच वर्षं असाच बाहेर बसतो.

आधी पैशाचं उरकू. एक कॉफी, एक सँडविच, हात आखडूनही ३५० रुपये कुठे गेले नाहीत. महिन्याचे २२ दिवस धरले तर ७,७०० झाले. यात थोडी भर घातली की कोवर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामाईक ऑफिसात, महिन्याची खुर्ची मिळू शकते, चौकशी करून बघा. तुमची जीएसटी नोंदणी असली तरी खाण्यापिण्याच्या बिलावरच्या कराचं क्रेडिट सहसा मिळत नाही, त्यामुळे ती बिलं जपून ठेवून तिकडून काही सुटेल ही आशा नको. बिलात सर्व्हिस चार्ज लावून आला तर तो काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे निर्देश दिलेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरलेत. मात्र जिथे वरचेवर तीन तास टेबल अडवायचंय तिथे शंभर रुपयांवरून हुज्जत घालायची का, हे तुमचं तुम्ही बघा. मी घालत नाही, उलट पोराच्या हातावर वीसपन्नास ठेवून निघतो.

आता काम कुठलं. २०१२ मध्ये जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये एक अभ्यास आला होता. ५० डेसिबलच्या शांततेपेक्षा ७० डेसिबलच्या मध्यम गलक्यात लोकांना कल्पक कामं जास्त जमली, ८५ वर मात्र गाडी घसरली. माझा अनुभव याच्या जवळ जातो. नव्या पानाचा कच्चा आराखडा, रंगसंगती, क्लायंटला पाठवायचा प्रस्ताव हे कॅफेत भराभर होतं. प्रूफ तपासणं, हिशेब, कोडमधली चूक शोधणं यासाठी मी सरळ पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जातो. १८३२ पासूनची संस्था, कदंब बसस्टँडवरून चालत जाण्याइतकी जवळ, आणि तिथे कोणी ऑर्डर विचारायला येत नाही. बॅटरी तेवढी घरून भरून न्या.

जागा निवडताना लोक फोटो बघतात, मी भिंती बघतो. आसगाव-शिवोली भागात जुन्या घरांतून कॅफे निघालेत. दिसायला झकास, पण भिंती चिऱ्याच्या आणि चांगल्या जाड. राऊटर असतो गल्ल्यापाशी आणि आपण एकांत हवा म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसतो. तिथे वायफाय रडतं आणि मोबाइलची रेंजही दांडी मारते. फोनवरच्या वायफायच्या यादीत एकाच कॅफेची दोन नावं दिसली, एकापुढे ५जी लिहिलेलं, तर आतल्या खोलीत ते धरू नका. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असला तरी भिंतीपुढे लवकर दम तोडतो, दुसऱ्या नावाचा, २.४ चा, तग धरतो. त्याहून सोपं म्हणजे बाल्कांवात, घरापुढच्या ओसरीवर बसावं, डासांची तयारी ठेवून. स्पीड तपासाल तेव्हा डाउनलोडच्या आकड्यावर खूश होऊ नका, अपलोड बघा. व्हिडिओ मीटिंगला ३-४ एमबीपीएस अपलोड नसेल तर तुमचा चेहरा समोरच्याला ठोकळ्यांत दिसू शकतो.

दुसरा प्रश्न गल्ल्यावरच विचारायचा: लाईट गेली तर राऊटर इन्व्हर्टरवर चालतो का? पुष्कळ ठिकाणी पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर असतात, राऊटर नसतो. जून-जुलैत हे फार महागात पडतं. एरवी पावसाळा आपल्यासारख्यांना सोन्याचा. टुरिस्ट नाहीत, टेबलं रिकामी, मालक स्वतः येऊन गप्पा मारतो. काही कॅफे या दिवसांत बंदच ठेवतात, म्हणून निघण्याआधी फोन करा. डिसेंबरात त्याच टेबलावर तुम्ही एका कॉफीवर बसलात तर तो त्याचा धंदा बुडवणं आहे. तेव्हा सकाळी उघडल्या उघडल्या जायचं आणि जेवणाची गर्दी सुरू व्हायच्या आत उठायचं. चौघांचं टेबल एकट्याने धरायचं नाही, दीडेक तासाने काहीतरी मागवायचं. वेटरने दुसऱ्यांदा ‘आनीक कितें जाय?’ (आणखी काय हवं?) विचारलं तर तो पाहुणचार नसतो.

भाजी-पावच्या हॉटेलात मात्र लॅपटॉप काढूच नका. सकाळी साडेआठला तिथे तुमच्या खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं, टेबलावर पातळ भाजी सांडलेली असते. उंडो (गोल गोवन पाव), मिरची भजी, चहा घ्या आणि उठा.

क्लायंटचा डेटा असेल तर कॅफेचं वायफाय सोडून स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट वापरा, पाठ भिंतीला ठेवा आणि बाथरूमला जाताना लॅपटॉप बरोबर न्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ‘जरा बघा हं’ म्हणून जाणारे मी बघितलेत, त्यांची कमाल वाटते.

राहिली जर्मनीची मीटिंग. त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. त्यांना सकाळी ११ ची वेळ सुचवा, म्हणजे इथे अडीच किंवा साडेतीन. त्या वेळी आपल्याकडे अर्धी शटरं खाली असतात आणि घरची माणसं जेवून आडवी झालेली असतात. सकाळी ज्या घरातून तुम्ही पळ काढता त्याच घरात दुपारी टाचणी पडली तरी ऐकू येईल. कॉल घरूनच घ्या, खोलीला आतून कडी लावून. सकाळी मात्र खरंच ऑफिसला निघाल्यासारखी पँट चढवून, ठरलेल्या वेळी बाहेर पडा, मग ग्रंथालयात जा नाहीतर कॅफेत. घरच्यांना ते लवकर कळतं. फक्त शुक्रवारी म्हापशातला कॅफे टाळा, बाजाराच्या दिवशी स्कूटर लावायला जागा शोधण्यातच कामाचा पहिला तास जातो.