डिटरन्सला ‘प्रतिबंध’ नको, ‘वचक’ म्हणा

प्रश्न असा आलाय की नाटोच्या (अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीच्या) बातमीत न्यूक्लिअर डिटरन्स आणि कन्व्हेन्शनल डिटरन्स, म्हणजे अण्वस्त्रांच्या किंवा साध्या फौजेच्या जोरावर शत्रूला हल्ल्याचा विचारच सोडायला लावणं, आलं तर मराठीत काय लिहायचं, ‘आण्विक प्रतिबंध’ चालेल का. माझ्या मते अजिबात नाही, ते वाचून माणसाला अण्वस्त्रबंदीच वाटणार म्हणजे बरोबर उलटा अर्थ. ‘प्रतिरोध’ पण अर्धाच बसतो, प्रतिरोध हल्ला झाल्यावर करतात आणि इथे तर हल्लाच होऊ नये हा मुद्दा आहे. मी ‘वचक’ सुचवेन.

मग ‘धाक’ का नको? तर धाकात फक्त शिक्षेची भीती येते. 1954 च्या सुमाराला नाटोचं धोरण साधारण तसंच होतं, सोव्हिएत फौजांच्या तोडीस तोड सैन्य उभं करणं युरोपला परवडत नव्हतं म्हणून मोठा हल्ला केलात तर अण्वस्त्रं वापरू असा दम. पण पुढे सोव्हिएत क्षेपणास्त्रं थेट अमेरिकेपर्यंत पोचायला लागली आणि हा दम पोकळ वाटू लागला. 1961 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना तोंडावर विचारलं होतं की पॅरिससाठी तुम्ही न्यूयॉर्क पणाला लावाल का. शेवटी 1967 मध्ये नाटोने धोरण बदललं, आधी साध्या फौजेने अडवायचं आणि गरज पडली तर पायरीपायरीने वर जायचं. आता यातला फौजेचा भाग म्हणजे धाक नव्हे, इथे तुमची डाळ शिजणार नाही ही समोरच्याची खात्री पटवणं आहे. वचक शब्दात हे दोन्ही मावतं.

बाल्टिक देशांचं उदाहरण बघा. 2017 पासून नाटोच्या तुकड्यांत एस्टोनियात ब्रिटिश, लॅटव्हियात कॅनेडियन, लिथुआनियात जर्मन नेतृत्वाखाली प्रत्येकी हजारेक सैनिक होते, एवढ्याने रशियन फौज थांबली नसती, पण त्यांच्यावर गोळी झाडली की त्या सगळ्या देशांशी युद्ध, म्हणून वचक. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर 2022 च्या नाटोच्या माद्रिद बैठकीत गरज पडेल तिथे या तुकड्या ब्रिगेडपर्यंत (म्हणजे काही हजार सैनिकांपर्यंत) वाढवायचं ठरलं ते मला फार योग्य वाटतं, कारण सगळा भार अण्वस्त्रांवर टाकला तर छोट्या घुसखोरीसाठी कोणी अणुबॉम्ब टाकेल यावर विश्वास कोण ठेवणार?

कन्व्हेन्शनल डिटरन्ससाठी ‘पारंपरिक वचक’ मात्र लिहू नका, पिढीजात दरारा वाटतो. ‘अण्वस्त्रांचा वचक’ आणि ‘फौजेचा वचक’ लिहा, आणि क्रियापद हवं असेल तर ‘हल्ल्यापासून परावृत्त करणं’ आपल्याकडे आहेच.