हातानं नकललेल्या ग्रंथांचा मूळ पाठ कसा ठरवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेद, महाभारत, बायबल हे ग्रंथ छपाई येण्याआधी शेकडो-हजारो वर्षं तोंडपाठ करून किंवा हातानं लिहून पुढे आले. नकलताना चुका झाल्याच असणार. मग आज आपण वाचतो ते मूळचंच आहे, हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

चुका झाल्या, भरपूर झाल्या. मी काही वर्षं संस्कृत पोथ्यांचे पाठभेद (एकाच ओळीचे वेगवेगळ्या प्रतींतले फरक) नोंदवण्याचं काम करतो आहे आणि बिनचूक पोथी अजून एकही हाती आलेली नाही. पण मूळ पाठापर्यंत पोचायला आम्हाला सगळ्यात जास्त मदत होते ती या चुकांचीच. ती कशी, हे सांगतो.

आधी नकलणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. समोर जुनी पोथी, हातात बोरू. एक चरण वाचायचा, मनात धरायचा, मान वळवायची, लिहायचा, पुन्हा जुन्या पोथीवर नजर न्यायची आणि जागा शोधायची. अनेक पोथ्यांच्या शेवटी लेखनिक आपली व्यथा लिहून ठेवतो: पाठ, कंबर, मान मोडून, डोळे ताणून कष्टानं हे लिहिलंय, जपून वापरा. आणखी एक श्लोक तर इतक्या पोथ्यांत असतो की तो पाठच होतो. 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया', म्हणजे जसं दिसलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष माझा नाही. मला हा श्लोक फार मोलाचा वाटतो. आपलं काम दुरुस्तीचं नसून उतरवण्याचं आहे, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

चूक नेमकी कशी होते, याचं एक उदाहरण. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 'ध्यायतो विषयान्पुंसः सङ्गस्तेषूपजायते' हा श्लोक तुम्ही ऐकला असेल. पुढची ओळ 'सङ्गात्संजायते कामः कामात्क्रोधोऽभिजायते' अशी आहे. दोन्ही ओळी 'जायते'नं संपतात. मी पाहिलेल्या एका पोथीत पहिल्या 'जायते'नंतर थेट 'क्रोधाद्भवति संमोहः' सुरू होतं. लेखनिकानं पहिली ओळ लिहिली, मान वर केली आणि त्याची नजर चुकून दुसऱ्या 'जायते'वर पडली. मधली ओळ गेली. नंतर कुणीतरी ती पोथी दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिली, गळलेल्या जागी हंसपदाची खूण केली आणि समासात बारीक अक्षरात ती ओळ लिहिली. शाई वेगळी, हात वेगळा.

आता समजा, अशी ओळ गळालेल्या आणखी तीन पोथ्या सापडल्या आणि त्यांच्यात समासातली दुरुस्तीही नाही. चौघांची नजर स्वतंत्रपणे एकाच जागी घसरली असेल असंही होऊ शकतं, पण अशा वीस-पंचवीस चुका चारही पोथ्यांत सारख्याच निघाल्या, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या आहेत हे उघड होतं. मग त्या चार साक्षी उरत नाहीत, एकच साक्ष उरते. शुद्ध ओळ सारखी असणं यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ सगळ्यांकडे असू शकतो. नातं उघड होतं ते सारख्या चुकांवरून. अशा चुका लावत लावत प्रतींची वंशावळ उभी करतात. पाठचिकित्सा म्हणतात ती बरीचशी हीच. म्हणून शंभर पोथ्या एक सांगतात आणि दोन पोथ्या दुसरं, तेव्हा बहुमत मोजून भागत नाही. ते शंभर एकाच घरातले असतील आणि ते दोघे एकमेकांना कधीही न भेटलेले.

याच्या जोडीला आणखी एक कसोटी लावतात. लेखनिक अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड सहसा करत नाही. त्यामुळे एका प्रतीत खडबडीत, जुना, कानाला विचित्र शब्द असेल आणि दुसरीत गुळगुळीत, तर पहिल्यांदा खडबडीत शब्दाकडे पाहायचं. लिपीचंही तेच. प आणि य, घ आणि ध, ब आणि व यांत गल्लत होणं नेहमीचं. जुन्या पोथ्यांत पडीमात्रा असते, म्हणजे ए-काराची उभी रेघ अक्षराच्या डोक्यावर न देता आधी देतात. ती पद्धत विसरलेल्या लेखनिकाला ती रेघ मागच्या अक्षराचा काना वाटते. असा घोटाळा दिसला की समजायचं, याच्या समोरची प्रत पडीमात्रेची, म्हणजे बरीच जुनी होती. चूक इथेही काहीतरी सांगूनच जाते.

(जाता जाता: चुकलेल्या अक्षरावर हरताळ नावाचं पिवळं खनिज लावून ते झाकत. तत्त्वांना 'हरताळ फासणं' आपण रोज म्हणतो, ते पोथीतून आलंय. पिवळ्या थराखालचं अक्षर पुष्कळदा वाचता येतं, हे आमचं नशीब.)

या पद्धतीचं सगळ्यात मोठं काम पुण्यात झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९६६ साली ती पुरी झाली. एकोणीस खंड, १,२५९ हस्तलिखितं. १९२५ पासून वि. स. सुखटणकर प्रमुख संपादक होते. चौकटी आखलेले मोठे कागद घ्यायचे. वरच्या ओळीत एका चौकटीत एक अक्षर असा श्लोक, खाली प्रत्येक पोथीची एक ओळ. अक्षर सारखं असेल तिथे चौकट कोरी, वेगळं असेल तिथेच लिहायचं. हे काम मीही याच रीतीनं शिकलो. दिवसाअखेर कोऱ्या चौकटींच्या त्या पांढऱ्या पट्ट्यात जे थोडे काळे ठिपके दिसतात, तेवढेच खरे प्रश्न असतात.

सुखटणकरांची मुख्य कसोटी साधी होती. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली ताडपत्रं यांच्यात देशाच्या दोन टोकांचं अंतर आहे. लिपी वेगळी, परंपरा वेगळी. ही दोन टोकं एखाद्या श्लोकावर जुळली, तर तो श्लोक या दोन परंपरांचा फाटा फुटण्याच्या आधीचा असणार. एखादी कथा फक्त मधल्या प्रदेशातल्या पोथ्यांत असेल, तर ती नंतर घातलेली. या कसोटीवर लोकांच्या आवडीच्या गोष्टीही मुख्य पाठातून बाहेर गेल्या. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं ही कथा परिशिष्टात आहे. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीनं केलेला कृष्णाचा धावा तळटीपेत आहे. फेकून काहीच दिलेलं नाही. मुख्य पाठ वर आणि नाकारलेलं सगळं खाली, म्हणजे संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचकाला तो तपासता येतो. हा प्रामाणिकपणा मला या आवृत्तीचा प्राण वाटतो.

पुढे या पद्धतीची परीक्षाही झाली. आदिपर्व १९३३ साली प्रसिद्ध झालं. नंतर काही वर्षांनी नेपाळमधली एक खूप जुनी पोथी हाती आली. संपादनाच्या वेळी ती कुणीच पाहिलेली नव्हती. सुखटणकरांनी निव्वळ ताळ्यावरून प्रक्षिप्त, म्हणजे नंतर घातलेले, ठरवलेले कितीतरी उतारे तिच्यात नव्हतेच. न पाहिलेल्या साक्षीदारानं येऊन तेच सांगावं, याहून चांगला पुरावा या क्षेत्रात मिळत नाही. तरीही, हा व्यासांच्या तोंडचा मूळ शब्द आहे असा दावा ही आवृत्ती करत नाही. उपलब्ध पोथ्या जास्तीत जास्त मागे जिथवर नेतात, तिथवरचा हा पाठ.

वेदांची गोष्ट पूर्ण वेगळी, कारण तिथे मुख्य साधन कागद नसून कंठ होतं. ऋग्वेदाची १,०२८ सूक्तं नुसती पाठ करत नसत, ती उलटसुलट विणून पाठ करत. पदपाठात प्रत्येक शब्द सुटा. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा अशा जोड्या. घनपाठात (संधी आणि स्वर सोयीसाठी बाजूला ठेवून) ते असं होतं: अग्निम् ईळे, ईळे अग्निम्, अग्निम् ईळे पुरोहितम्, पुरोहितम् ईळे अग्निम्, अग्निम् ईळे पुरोहितम्. मग एक शब्द पुढे सरकून पुन्हा तेच. ओळीच्या मधला प्रत्येक शब्द असा तेरा वेळा तोंडून जातो. शब्द उलटा जोडला की संधी बदलतो, त्यामुळे एक अक्षर चुकलं तरी पुढची जोडणी अडखळते आणि समोर बसलेल्या दुसऱ्या पाठकाला ते लगेच ऐकू येतं.

ही राखण किती कडक होती, ते तुम्हीच बोटांवर मोजून पाहा. गायत्री छंदाच्या चरणात आठ अक्षरं लागतात. 'तत्सवितुर्वरेण्यम्' मोजा: तत्, स, वि, तुर्, व, रे, ण्यम्. सात. 'वरेणियम्' म्हटलं की आठ होतात आणि रचनेच्या काळी उच्चार तसा असावा. अनुष्टुभाचा चरणही आठाचाच, पण 'त्र्यम्बकं यजामहे'ही सातच, 'त्रियम्बकं' म्हटलं तर आठ. छंद जाणणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होतं. दुरुस्ती एका मात्रेची होती, तरी संहितेत, म्हणजे मंत्रांच्या सलग पाठात, ती कुणी केली नाही. मिळालेला शब्द लंगडा वाटला तरी तसाच पुढे द्यायचा. यातून दोन गोष्टी कळतात. संहिता पक्की होण्याआधी उच्चारात थोडा बदल झाला, आणि पक्की झाल्यावर जवळजवळ काहीच बदललं नाही.

त्र्यम्बक मंत्राबद्दल आणखी एक. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्य या प्राचीन पंडितानं केला, पण त्यातल्या सहा ऋचांना तो नाही आणि त्यांतली एक ही आहे (सातवं मंडल, सूक्त ५९, ऋचा १२). त्या सहा ऋचा शाकल्यानं आपल्या पाठाचा भाग मानल्या नसाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पण मला थक्क करतं ते वेगळंच. पुढच्या कुठल्याही पिढीनं त्या सहा ऋचांचा पदपाठ रचून त्यात घुसवला नाही. पदं तोडणं तर शिकाऊ विद्यार्थ्यालाही जमलं असतं. पोकळी होती, ती पोकळी म्हणूनच जपली.

हीच वृत्ती ज्यूंच्या परंपरेत दिसते. हिब्रू बायबल जपणारे मसोरा पंडित अक्षरं मोजून ठेवत. एखादा शब्द चुकीचा वाटला तरी मजकुराला हात न लावता 'वाचताना असं वाचा' एवढं समासात लिहीत. हिब्रू बायबलची आज संपूर्ण शिल्लक असलेली सर्वांत जुनी प्रत इसवी सन १००८ च्या सुमाराची आहे. मग १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत चामड्याच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांत यशया या ग्रंथाची सात मीटरहून लांब, सगळे ६६ अध्याय असलेली प्रत होती. वय हजार वर्षांहून जास्त मागे. ताडून पाहिलं तेव्हा फरक शेकड्यांनी निघाले, पण बहुतेक वर्णलेखनाचे आणि किरकोळ. ग्रंथ तोच होता. चाळिसाव्या अध्यायात 'गवत सुकतं, फूल कोमेजतं' हे वाक्य दोनदा येतं. पहिल्या लेखनिकाच्या हातून मधला भाग गेला आणि दुसऱ्या हातानं तो ओळींच्या मध्ये आणि समासात लिहिला. माझ्या गीतेच्या पोथीत झालं होतं, अगदी तेच. (ग्रीक भाषांतरातही तो भाग नाही, त्यामुळे ही गळती की जुना छोटा पाठ, हा वाद आहे.) मात्र सगळे ग्रंथ असे निघाले नाहीत. यिर्मयाच्या ग्रंथाचे एक लांब आणि एक आखूड असे दोन पाठ त्या काळी शेजारी शेजारी नांदत होते, हे त्याच गुहांनी दाखवलं.

म्हणून 'धर्मग्रंथ विश्वसनीय आहेत का' याला एकच उत्तर देता येत नाही. ऋग्वेदाचं उत्तर वेगळं, महाभारताचं वेगळं, यिर्मयाचं आणखी वेगळं. आणि पाठ नीट उतरला म्हणजे त्यात सांगितलेली घटना घडली, असंही होत नाही. पाठ नीट उतरला का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर पाठचिकित्सा देते.

तुम्हाला हे स्वतः पाहायचं असेल, तर गीतेच्या दोन-तीन वेगवेगळ्या छापील प्रती घ्या आणि तेरावा अध्याय उघडा. काहींत ३४ श्लोक असतील, काहींत ३५. जादा श्लोक सुरुवातीलाच आहे, 'प्रकृतिं पुरुषं चैव' हा अर्जुनाचा प्रश्न. शंकराचार्यांचं भाष्य त्यावर नाही, आणि गीता सातशे श्लोकांची असल्याचं ते भाष्याच्या आरंभी सांगतात. हा श्लोक धरला तर ७०१ होतात. तो का आला असेल, तेही दिसतं. अध्याय एकदम 'इदं शरीरं' असा सुरू होतो, अर्जुनानं काही विचारलेलंच नसतं. कुणाला तरी ते रिकामं वाटलं आणि त्यानं प्रश्न पुरवला. तुमच्या प्रतीत तो आहे का, आणि असल्यास त्याला क्रमांक दिलाय की नुसताच छापलाय, तेवढं बघा. संपादकानं कुठली परंपरा धरली, हे तिथेच कळेल.