दारू सोडायची आहे, पण ग्रुपला गेल्यावर ओळखीचं कुणी भेटलं तर?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, रोज एक-दीड क्वार्टर होते, सकाळी हात थरथरतात. दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपला जायचं ठरवून तीनदा निघालात आणि सोसायटीतलं कुणी दिसेल या धास्तीने तीनदा अर्ध्या रस्त्यातून परत आलात. मी कळव्यात राहतो. मला सोडून सात वर्षं झाली. मीही असाच परत फिरत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रुपच्या आधी त्या थरथरीचं बोलू. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा वेळी मनाशी शपथ घेऊन एकदम बंद करू नका. मी केली होती. गावाला गेलो, आता शिवायची नाही म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या समोर, अंगणात फिट आली. नंतर डॉक्टरांनी समजावलं की शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोन-तीन दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊन माणूस दगावूही शकतो. तेव्हा पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाला गाठा आणि किती पिता ते खरं सांगा. ते काही दिवसांची औषधं देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, गरज वाटली तर दाखल करून घेतात. कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि घरच्यांना एक सांगून ठेवा. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी पत्रकं लोकलच्या डब्यात चिकटवलेली असतात, त्यातलं काही चहात घालू नका म्हणावं. दारू सोडवण्यासाठीची डायसल्फिरामची गोळी डॉक्टर पेशंटला सांगून, तपासून देतात. ती पोटात असताना वर दारू गेली तर उलट्या होतात, बीपी कोसळतं, जिवावर बेततं.

आता ग्रुप. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, सगळे ए.ए. म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावात दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. फी नाही. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. त्यांच्या वेबसाइटवर भागांप्रमाणे मीटिंगची यादी आणि हेल्पलाइन असते; निघण्याआधी फोन करून वार, वेळ आणि भाषा विचारून घ्या, कारण जागा बदलतात. मी फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस स्वतः सोडलेला होता. ‘शेवटची कधी घेतलीत?’ एवढंच त्याने विचारलं, आणि मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खरं उत्तर देता आलं.

ओळखीचं कुणी भेटण्याची भीती मी अशी सोडवली: पहिली मीटिंग लांबची धरली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून वाशीकडे गेलो, तिथे मला कुत्रंही ओळखत नव्हतं. तुम्ही उलट ठाण्याला या. माझी ती मीटिंग शाळेच्या वर्गात होती, फळ्यावर पोरांचं गणित तसंच राहिलेलं, आणि त्या बुटक्या बाकांवर पन्नाशीचे बाप्ये गुडघे दुमडून बसलेले. कुणी आडनाव विचारलं नाही. एकेक जण उठून आपलं सांगत होता, मध्ये कुणी बोलत नव्हतं, सल्ला देत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी ‘आज फक्त ऐकतो’ म्हणालो, तेही चाललं. देवाचा उल्लेख येतो. मला तो सुरुवातीला खटकला, पण ‘आपल्यापेक्षा मोठी शक्ती’ म्हणजे काय हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. मी बरीच वर्षं तो ग्रुपच मानला.

पण लांबची मीटिंग टिकत नाही. महिनाभरात कंटाळा आला, पाऊस आला, गाडी चुकली, आणि गटारीला मी परत प्यायलो. तेव्हा लक्षात आलं की संध्याकाळी साडेसात ही माझी ‘बसायची’ वेळ, आणि त्या वेळेला चालत दहा मिनिटांत पोचता येईल अशीच मीटिंग मला वाचवणार. म्हणून कळव्याजवळचा ग्रुप धरला. पहिल्याच दिवशी आमच्या पलीकडच्या बिल्डिंगमधले एक काका समोर बसलेले. मला घाम फुटला. त्यांनी शेजारी जागा करून दिली, कटिंग पुढे केला, आणि आजपर्यंत बाजारात भेटले तरी मीटिंगचा विषय कधी काढलेला नाही. पुढे तेच माझे स्पॉन्सर झाले, म्हणजे ग्रुपमधला आधीपासून सोडलेला, अडीनडीला हात देणारा माणूस. रात्री अकराला फोन केला तरी उचलतात.

ए.ए. जमलं नाही तर दुसरे रस्ते आहेत. ठाण्यातच १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आय.पी.एच. संस्था मानसिक आरोग्याचं काम करते. राहून उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून सुरू आहे. बायकोसाठी अल-अॅनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा ग्रुप, वेगळा असतो, तुम्ही जायला तयार नसलात तरी त्या जाऊ शकतात. माझी बायको माझ्या आधी चार महिने जात होती, मला पत्ताच नव्हता.

डॉक्टरांना भेटून झालं की ज्या दिवशी निघाल त्या दिवशी सहा वाजता पोटभर खाऊन घ्या. रिकाम्या पोटी माझे पाय कायम बारकडेच वळायचे. आणि वर्गाच्या दाराशी थबकलात तर आत जे कुणी चहा देत असेल त्याला नुसतं ‘पहिलाच दिवस आहे’ म्हणा, पुढचं तो बघेल.