मेडिकल कॉलेजच्या मुलांनी गावातलं आमचं कुटुंब 'दत्तक' घेतलंय. याचा आईला खरंच काही उपयोग होईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही पुण्यात, आई विदर्भातल्या गावी एकटी. मेडिकल कॉलेजची चार मुलं-मुली घरी आली, वजन केलं, बीपी बघितलं, ते १५८/९६ निघालं. घरात माणसं किती, पाणी कुठलं, चूल की गॅस, हे सगळं वहीत लिहिलं आणि 'आजी, तुमचं कुटुंब आम्ही दत्तक घेतलंय' असं सांगून गेली. औषध काही दिलं नाही. ही फसवणूक तर नाही ना, आधार नंबर मागितला तर द्यावा का, आणि आईच्या पदरात यातून काय पडणार, हे तुम्हाला हवंय.

मी एका मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य शिकवणाऱ्या विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. पदाचं नाव भारदस्त आहे. काम असं की मुलांना बसमध्ये कोंबून गावात न्यायचं, घरं वाटून द्यायची आणि संध्याकाळी सगळी परत आली का ते मोजायचं. त्यामुळे ही 'दत्तक' भानगड मी रोज जवळून बघतो.

फसवणूक बहुतेक नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२१ च्या बॅचपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच हा कुटुंब दत्तक कार्यक्रम घातला. प्रत्येक विद्यार्थ्याला तीन ते पाच कुटुंबं, पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत तीच. तिन्ही वर्षांचे मिळून ७८ तास ठरवून दिलेत. खात्री करायची तर गावच्या आशाताईला फोन लावा. कॉलेजची बस तिला कळल्याशिवाय गावात शिरत नाही, घरं दाखवायला बहुतेक वेळा तीच पुढे असते. तिला काहीच माहीत नसेल तर मात्र सावध व्हा.

आधार नंबर देऊ नका, या कामाला तो लागत नाही. काही ठिकाणी मुलं 'आभा' कार्ड काढून देतात, म्हणजे १४ आकडी आरोग्य खातं. ते ऐच्छिक आहे. काढायचंच असेल तर तुम्ही गावी असताना, आईच्याच मोबाइलवर काढा. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मुलगी कितीही गोड बोलत असली तरी. फोन नंबर मात्र द्या. त्याचं कारण पुढे येईल.

आता औषध का दिलं नाही ते. पहिल्या वर्षाची मुलं शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन शिकत असतात. औषधशास्त्र दुसऱ्या वर्षात येतं. म्हणजे तुमच्या आईच्या दारात उभी असलेली पोरगी बारावीतून जेमतेम आठ महिन्यांपूर्वी सुटलेली असू शकते. तिनं गोळी दिली नाही हे चांगलंच झालं. तिनं 'पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) दाखवा' एवढंच सांगितलं असेल तर तिनं आपलं काम केलं.

आणि एका मोजणीवरून बीपीचा शिक्का बसत नाही. घरात अचानक चार पांढरे डगले शिरले की माझंही बीपी चढेल. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात आधारावर ठेवून मोजायचं. मग आणखी एक-दोन दिवस वेगवेगळ्या वेळी मोजायचं. तरीही १४० च्या वर किंवा खालचा आकडा ९० च्या वर राहिला तर डॉक्टर गोळी सुरू करायची की नाही ते ठरवतील. गावाजवळच्या उपकेंद्रावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी असेल, तिथे तिशीच्या पुढच्यांचं बीपी आणि साखर फुकट तपासतात.

मग उपयोग काय? एक प्रसंग सांगतो.

मागच्या एका बॅचमधली मुंबईची मुलगी. तिच्या वाट्याला आलेल्या घरात एक गरोदर सून होती, हिमोग्लोबिन ८.२. गरोदर बाईचं ११ च्या खाली असलं की आपण रक्त कमी म्हणतो. सिस्टरनं आयर्नच्या लाल गोळ्या कधीच दिल्या होत्या, कार्डावर नोंद होती. कागदावर सगळं ठीक. पोरगी दुसऱ्या खेपेला गेली तेव्हा सासूबाई शेतात होत्या. सून चहा टाकत होती आणि साखरेच्या डब्यामागे गोळ्यांची चार पाकिटं दिसली, एकही फोडलेलं नाही. पोरीनं नुसतं विचारलं, 'का गं?' तेव्हा ती बोलली, "ताई, या गोयीनं मले उमासे येतात. अन् संडास काया होते, मले वाटलं काही बिघडलं पोटात."

गोळ्या सोडण्याआधी ती सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर गोळी घेत होती. उपाशीपोटी मळमळतं आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही, म्हणजे त्रास पूर्ण आणि फायदा जवळपास शून्य. काळी शौच होणं हे गोळीचं नेहमीचं लक्षण आहे, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरीनं आमच्या मॅडमना विचारून वेळ बदलायला सांगितली: रात्री जेवणानंतर, वर लिंबूपाणी, कॅल्शियमची गोळी त्याबरोबर नाही, ती दुपारी. दोन-अडीच महिन्यांनी हिमोग्लोबिन १० च्या वर गेलं होतं. कुठलंही नवं औषध नाही, एक रुपया खर्च नाही.

सिस्टरचा यात दोष नाही. तिच्याकडे हजारो माणसांची वस्ती असते, स्वयंपाकघरात बसून डब्यामागे बघायला तिला वेळ कुठून मिळणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याआधीच्या पाहणीत तो आकडा ४८ होता. गोळ्या वाढल्या आणि रक्तक्षयही वाढला, हे कोडं सरकारी बैठकांत सुटेल तेव्हा सुटेल. थोडं उत्तर मला त्या साखरेच्या डब्यामागे दिसलं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर तुम्ही म्हणाल, कॉलेजचा माणूस कॉलेजचीच टिमकी वाजवतोय.

मुलांना लॉगबुक भरायचं असतं, त्यावर सही आणि गुण असतात. परीक्षा तोंडावर आली की गावची खेप चुकते आणि वही होस्टेलवर बसून भरली जाते. एकदा माझ्या हातात अशी एक वही आली. आजोबांचं बीपी सप्टेंबरमध्ये १२०/८०, नोव्हेंबरमध्ये १२०/८०, जानेवारीत १२०/८०. आजोबा दिवाळीतच वारले होते. मी त्या मुलाला घेऊन त्या घरी गेलो. आजीनं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "बाबू, तू इतके दिस आला नाईस?" त्याला ती वही पिशवीतून बाहेर काढता आली नाही. आमच्या विभागानं त्यावर एक बैठक घेतली, एक परिपत्रक काढलं. परिपत्रकानं काय झालं असेल ते तुम्ही ओळखा.

म्हणजे सगळा खेळ 'परत येण्यावर' आहे. हे शहाणपण २०२१ साली सापडलेलं नाही. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. तिथे तेव्हापासून बॅच गाव घेते, मुलं सुरुवातीला गावातच मुक्काम करून शिबिर करतात, घरं वाटून घेतात आणि पुढे त्याच घरांत जात राहतात. तिथल्याच डॉ. उल्हास जाजूंनी गावागावांत आरोग्य विमा उभा केला, त्याचा हप्ता ज्वारीत भरता यायचा. पीक घरात आलं की ज्वारी जमा करायची. शेतकऱ्याकडे रोकड कधी असते आणि कणगीत धान्य कधी असतं, हे ज्यानं त्या घरांत वर्षानुवर्षं चहा प्यायलाय त्यालाच सुचतं. उलट १९७७ साली केंद्रानं देशभरच्या मेडिकल कॉलेजांना तीन-तीन तालुके आणि तीन-तीन फिरते दवाखाने दिले होते. त्या योजनेचं नाव आज माझ्या विद्यार्थ्यांना फक्त परीक्षेत टिपा लिहा म्हणून माहीत आहे. गाडी गावात जाऊन परत येते, पण गावात कुणाला ओळखत नाही.

बाकी विद्यापीठांचेही उपक्रम आहेतच. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ चीच, तिचं सात दिवसांचं शिबिर तुमच्याही कॉलेजात झालं असेल. गटारं साफ होतात, प्रभातफेरी निघते, समारोपाला सरपंचांचं भाषण होतं. मुलांवर संस्कार होतात, हे मान्य. पण आठव्या दिवशी गावात कुणी आजारी पडलं तर त्यांना विचारायला कुणी नसतं.

फोन नंबर द्या असं म्हणालो होतो, त्याचं कारण आता सांगतो.

पावसाळा होता, रात्रीचे साडेअकरा. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला त्याच्या दत्तक घरातल्या मुलाचा फोन. वडिलांना गोठ्यात साप चावला, दोर आणून पाय बांधतोय, शेजारच्या गावातल्या जाणत्याकडे मोटारसायकलनं नेऊ का? आमचा पोरगा घाबरला, पण त्याला शिकवलेलं आठवलं, ते त्यानं सांगितलं. करकचून बांधू नका, बांधलं असेल तर त्यांच्याशी बोलत राहा आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय झटकन सोडू नका. कापू नका, चोखू नका. पाय हलू देऊ नका, त्यांना चालवू नका. १०८ ला फोन करा. मग त्यानं मला उठवलं, मी आमच्या कॅज्युअल्टीत कळवलं आणि ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का ते विचारून घेतलं. होती. माणूस वाचला. पंधरा दिवसांनी मुलगा घरी गेला तेव्हा त्या गृहस्थांनी त्याला अंगणात बसवलं आणि म्हणाले, "दत्तक आला आहेस ना बे? त मंग सातबाऱ्यावर नाव चढवतो तुह्यं. पण बँकेचं कर्ज बी तुह्याच नावावर येईन, पाह्य बा."

त्या मुलानं उपचार कुठलाच केला नाही, हे लक्षात घ्या. त्याच्याकडे अधिकारही नव्हता. फक्त त्या घराला रात्री साडेअकराला फोन लावावा असं वाटलं, आणि पलीकडच्याला ग्रामीण रुग्णालयाचा दरवाजा कुठून उघडतो ते माहीत होतं. पूर असो, साप असो, मे महिन्यात उन्हानं भोवळ येऊन पडलेलं माणूस असो, गाव तगतं ते अशा ओळखींवर. उन्हाळ्याआधी आता आम्ही मुलांकडून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि दिवस भरत आलेल्या बायांची यादी करून आशाताईकडे देतो. तुमच्या आईचं नाव तशा यादीत असायला हवं, ते विचारा.

झाडांचंही एक असतं. मुलांनी दत्तक घरी झाड लावायचं असतं. आम्ही शेवगा ठरवला, पाल्यात लोह, शेंगांची आमटी. पहिल्या वर्षी चाळीस लावले. बकऱ्यांनी महिनाभरात सदतीस दत्तक घेतले.

आता तुम्ही करायचं ते. पुढची खेप कधी आहे हे आशाताईकडून काढा आणि त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल लावा. त्या मुलीशी बोला. तिचं नाव, बॅच, मोबाइल आणि सोबतच्या शिक्षकांचा नंबर आईच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. आई घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्यासुद्धा, एका डब्यात घालून तिच्यासमोर ठेवा. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं, हे घरात कुणाला माहीत नसतं. पापड, लोणचं, ठेचा किती लागतो ते खरं सांगायला सांगा. मिश्री लावत असेल तर तेही. बायका तंबाखू खाता का विचारलं की नाही म्हणतात, मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत. जुने केसपेपर फेकू नका. रक्त काढलं तर रिपोर्ट कधी आणि कोण देणार हे तिथेच विचारा. मोठ्या आजाराचं काही निघालं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. कागद कुठे द्यायचे हे आमच्यासारखा सोशल वर्कर सांगतो, कॉलेजच्या ओपीडीत त्याचं नाव विचारत या.

बीपीसाठी ती मुलगी आईला कॉलेजच्या ओपीडीत घेऊन जायला तयार असेल तर जाऊ द्या. सोबत ओळखीचं कुणी असलं की केसपेपरच्या रांगेतच अर्धा दिवस जात नाही, आणि खोली नंबर १४ कुठे आहे हे तिला माहीत असतं.

आणि मुलं आली की चहा जरूर पाजायला सांगा, पण बीपी मोजून झाल्यावर. आईनं त्याआधी अर्धा तास चहा घेतलेला नको.